आधी मजकूर, मग दगड: ग्रंथालयाच्या आवारातलं दाभोलकरांचं स्मारक

प्रश्न असा आहे: साताऱ्यातल्या एका पेठेत सार्वजनिक ग्रंथालयाच्या आवारात बारा बाय आठ फुटांचा कोपरा मोकळा आहे. जागा ग्रंथालयाच्याच मालकीची. तिथे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं छोटं स्मारक करायचं आहे. हाताशी अडीच लाख रुपये आहेत. ग्रंथालयाच्या मंडळात निम्म्यांना अर्धपुतळा हवा, निम्म्यांना शिलालेख. अनावरण २० ऑगस्टला व्हावं अशी इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी?

मजकुरापासून. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा लागतो. आधी दगड पाहिला जातो, मग मिस्त्री ठरतो, मग प्रमुख पाहुणे, आणि कोरायचा मजकूर आदल्या आठवड्यात कुणीतरी मोबाइलवर लिहून पाठवतो. दगडावरची चूक पन्नास वर्षं तशीच राहते. म्हणून पहिला महिनाभर एक रुपयाही खर्च न करता फक्त शब्दांवर बसा.

पुतळ्याचा वाद मात्र त्याआधी मिटवा. माझं मत स्पष्ट आहे: पुतळा नको. पुतळा म्हटला की शासनाची मार्गदर्शक तत्त्वं आली, म्हणजे जिल्हा प्रशासनाची परवानगी, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता आणि पोलिसांचा कायदा-सुव्यवस्थेचा अभिप्राय. जागा खासगी असली तरी प्रशासन हे सगळं मागणार, असं धरूनच चाला. कुणी 'मग बाहेर फुटपाथवरच बसवू' म्हणालं तर तिथेच थांबवा. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर पुतळे वा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. दुसरं कारण पैशांचं. अडीच लाखांत चांगल्या ओतकामाचा ब्राँझ बसत नाही, हाती फायबरचा पुतळा येतो. उन्हाने त्याचा रंग उडतो, सांध्यांना चिरा पडतात, चेहऱ्याचं साम्य तर पहिल्या दिवसापासून वादाचं ठरतं. तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. चेहरा दिसला की हार, गुलाल, अगरबत्ती, नारळ हे आपोआप येतं. ते करणाऱ्यांच्या मनात आदरच असतो, पण ज्या माणसाने आयुष्यभर प्रश्न विचारायला शिकवलं त्याच्यासमोर लोकांनी हात जोडून निघून जावं, असं स्मारक का करायचं?

त्यापेक्षा वापरात राहील असं काहीतरी करा. त्या कोपऱ्यात चार गोष्टी नीट बसतात: मजकूर कोरलेला काळा दगड, समोर दोन बाक, पिण्याच्या पाण्याचा एक नळ, आणि मदत कुठे मिळेल ते सांगणारी बदलता येणारी पाटी. पाण्याला इथे अर्थ आहे. डॉ. बाबा आढावांच्या 'एक गाव, एक पाणवठा' चळवळीत दाभोलकर सामील झाले होते. नळावर त्या चळवळीचं नाव जरूर द्या, पण ती दाभोलकरांनी सुरू केली असं लिहू नका. मोठ्या माणसाच्या स्मारकावर दुसऱ्याचं काम चढवण्याची चूक फार सहज होते.

परवानग्यांचं थोडक्यात. ग्रंथालय संस्था साधारणपणे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असते. कार्यकारी मंडळाचा ठराव करा, शक्य असेल तर सर्वसाधारण सभेचाही. ठरावात मोजमाप, जागा, खर्च आणि देखभाल कोणाकडे राहील हे लिहा. आलेल्या देणग्या 'स्मारक निधी' म्हणून वेगळ्या दाखवा आणि पावतीवर तसा उल्लेख करा, म्हणजे लेखापरीक्षणात प्रश्न उरत नाही. नगरपालिकेच्या नगररचना विभागाला नकाशासह पत्र देऊन पोच घ्या. पोलीस ठाण्यालाही अनावरणाची लेखी कल्पना द्या.

आता मजकूर. दगडाचं माप चार फूट रुंद, अडीच फूट उंच आणि तीन इंच जाड धरा. दोन्ही बाजूंना १०० मिमी समास सोडला की ओळीला सुमारे १०२० मिमी उरतात. शिरोरेषेपासून पायापर्यंत ३० मिमी उंचीचं अक्षर घेतलं, तर एका ओळीत मोकळ्या जागा धरून ३६ च्या आसपास अक्षरं मावतात. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं येतात, म्हणून दोन ओळींमधलं अंतर ६५ मिमीच्या खाली आणू नका. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. या हिशोबाने आठ ओळी होतात. नावाला आणि तारखांना दोन दिल्या की उरल्या सहा. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम पन्नास शब्द आहेत. मंडळातल्या प्रत्येकाला हा आकडा आधी सांगा. त्याने निम्मी भांडणं मिटतात, कारण आमदारांचं नाव, देणगीदारांची यादी आणि कविता एकाच वेळी मावणार नाहीत हे मग डोळ्यांना दिसतं. देणगीदारांची नावं ग्रंथालयाच्या आत, फ्रेममध्ये.

नमुना म्हणून असा मजकूर चालेल:

डॉ. नरेंद्र दाभोलकर
१ नोव्हेंबर १९४५ – २० ऑगस्ट २०१३
वैद्यकीय पदवीधर, कबड्डीपटू, 'साधना' साप्ताहिकाचे संपादक. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. साताऱ्यात 'परिवर्तन'मधून व्यसनमुक्तीचे काम उभे केले. पुण्यात सकाळी फिरायला गेले असता गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झटले, तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला.

यात एकही विशेषण नाही, हे मुद्दाम. 'थोर', 'महान', 'ज्वलंत' हे शब्द दगडावर जागा खातात आणि वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. 'कबड्डीपटू' मात्र राहू द्या. त्यांना शिवछत्रपती पुरस्कार मिळाला होता, आणि दहा-बारा वर्षांचं पोर त्या एका शब्दापाशी थबकून पुढचं वाचतं.

चुका कुठे होतात ते सांगतो, कारण त्या ठरलेल्या असतात. आडनाव 'दाभोळकर' असंही पुष्कळ ठिकाणी छापलं जातं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या आणि 'साधना'च्या प्रकाशनांत ते 'दाभोलकर' असं आहे, तेच घ्या. 'अंधश्रद्धा' या शब्दातलं जोडाक्षर द आणि त्याला जोडलेला ध असं आहे. जुन्या फाँटमध्ये ते उलटं होऊन 'अंधश्रध्दा' पडतं आणि कोरणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. 'निर्मूलन'मधला मू दीर्घ. सगळ्यांत फसवं अक्षर आपल्या गावाच्या नावातच आहे. 'साताऱ्यात' या शब्दातला अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा वळतो. फाइल एका फाँटमधून दुसऱ्यात गेली की त्याचा रफार होतो आणि दगडावर 'सातार्यात' उमटतं. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, डिझाइनवाल्याकडून कोरल या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचं 'कर्व्ह', म्हणजे फाँटवर न विसंबणारी रेखाकृती, करून घ्या, आणि कर्व्ह झाल्यावर पुन्हा वाचा. आधीच्या वाचनाचा काही उपयोग नसतो, मोडतोड नेमकी त्याच पायरीवर होते.

तथ्यांच्या चुका वेगळ्या. दाभोलकरांनी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केलं आणि सुमारे बारा वर्षं डॉक्टरकी केली. ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचं काम पाहून, शिवाय त्यांचे पुत्र डॉ. हमीद हे मानसोपचारतज्ज्ञ असल्याने, लोक ही गल्लत करतात. पद्मश्री मरणोत्तर, २०१४ मध्ये जाहीर झाली. 'पद्मश्री डॉ.' असं नावाआधी लावू नका, हा सन्मान नावाला जोडायची पदवी नव्हे. कायद्याचं पूर्ण नाव 'महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३' इतकं लांब आहे. ते कोरायला गेलात तर अर्धा दगड त्यातच संपेल. 'जादूटोणाविरोधी कायदा' एवढंच पुरे, लोक तेच म्हणतात. क्रमही नीट ठेवा: खुनानंतर चारच दिवसांत, २४ ऑगस्ट २०१३ ला अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. 'त्यांच्या हयातीत कायदा झाला' असा भास होईल अशी वाक्यरचना टाळा.

मृत्यूबद्दल काय लिहायचं, यावर मंडळात वाद होईल. 'दुःखद निधन' लिहू नका, ते खोटं आहे. 'खून' हा साधा, खरा शब्द आहे. पण कोणी केला, कोणत्या विचाराने केला, हे दगडावर नको. पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. अशा निकालावर वरच्या न्यायालयांचे दरवाजे खुले असतात. दगड दर निकालाला बदलता येत नाही. खटल्याची माहिती आत, ग्रंथालयात, कात्रणांच्या फाइलमध्ये ठेवा आणि ती अद्ययावत करत राहा.

मानसिक आरोग्याचे शब्द निवडताना सगळ्यांत जास्त जपा. पाटीवर 'वेडे', 'मनोरुग्ण', 'दारुडे', 'व्यसनी' हे शब्द नकोत. 'मानसिक आजार असलेली व्यक्ती', 'व्यसनाचा आजार' असं लिहा. ज्याच्या घरात हा आजार आहे तो माणूस ती पाटी चोरून वाचणार आहे. पहिल्याच शब्दाला तो दुखावला तर खालचा नंबर टिपून घेणार नाही. 'माझ्या व्यसनमुक्त मुलाच्या नावाने' अशी देणगी आली तरी मुलाचं नाव कुठेही लावू नका. उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये आहे. त्याची थेट जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर असली, तरी तुम्हीही तीच रेघ पाळा. आज कौतुकाने लावलेलं नाव पाच वर्षांनी लग्न जमवताना आडवं येतं.

पाटीवरचा मजकूर कामाचा असू द्या. स्टेनलेस स्टीलचा दीड मिमी जाडीचा पत्रा, दीड बाय दोन फूट, चार स्क्रूंवर. पहिली ओळ: 'मानसिक आजार हा आजार आहे. त्याला उपचार आहेत.' खाली टेली-मानस, १४४१६. मानसिक आरोग्याची ही सरकारी फोन-सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली. हा आकडा देवनागरीत आणि इंग्रजी अंकांत, दोन्ही प्रकारे लिहा. घाबरलेल्या माणसाने फोनच्या बटणांवर दिसतात तेच अंक पाटीवर पाहिले पाहिजेत. मग जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाचे दिवस आणि वेळ, प्रत्यक्ष जाऊन खात्री केलेली. आणि दोन ओळी कायद्याच्या. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळीने बांधायला २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. तक्रार पोलीस ठाण्यातल्या दक्षता अधिकाऱ्याकडे करता येते. यातलं काहीही दगडावर कोरू नका. नंबर बदलतात, ओपीडीचे वार बदलतात, आणि बंद पडलेला मदतीचा नंबर कोरलेला दगड एखाद्या वाईट रात्री माणसाला हकनाक फसवतो. क्यूआर कोड लावायचाच तर तो पाटीवरच आणि ग्रंथालयाच्या स्वतःच्या पानाकडे नेणारा.

मजकूर ठरला की खऱ्या मापात कागदावर छापून भिंतीवर चिकटवा आणि आठ दिवस तसाच राहू द्या. तो तिघांना वाचायला द्या: दाभोलकरांचं काम जवळून माहीत असलेल्या कुणाला, मराठीच्या शिक्षकांना, आणि सातवीतल्या एखाद्या मुलीला. मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. ती जिथे अडखळेल तिथे वाक्य मोडा. कुटुंबीयांची आणि समितीची लेखी संमती घ्या. शेवटच्या प्रतीवर तिघांच्या सह्या हव्यात, आणि तीच प्रत कारागिराच्या हाती जावी.

आता दगड. आपल्याकडे बेसॉल्ट आहे, म्हणजे आपला काळा पाषाण. त्याच्यापेक्षा टिकाऊ काही शोधायला बाहेर जायची गरज नाही. फक्त घट्ट, एकजीव दगड घ्या. पांढरे ठिपके आणि बारीक पोकळ्या असलेला दगड घेऊ नका. त्या पोकळ्यांत भरलेली खनिजं आधी झिजतात आणि मग नेमक्या अक्षराच्या मधोमध खड्डा पडतो. परीक्षा सोपी आहे. हातोडीने हलकं ठोका, खणखणीत आवाज यायला हवा. भद्द आवाज आला तर आत चीर आहे. दगड पूर्ण ओला करून वाळू द्या. सगळीकडे सुकल्यावरही ओलसर राहिलेली केसाएवढी रेघ दिसली तर तो परत पाठवा. पांढऱ्या ठिपक्यावर लिंबाचा रस टाकून फसफसलं तर तो चुन्याचा अंश आहे, तसे ठिपके पुष्कळ असतील तर दगड नाकारा. कडप्पा फरशी नको, तिचे पापुद्रे सुटतात. जांभा मऊ आणि सच्छिद्र, बारीक अक्षर धरत नाही. झगझगीत पॉलिशचा काळा ग्रॅनाइट सोपा पडतो, पण त्यात वाचणाऱ्याला अक्षरांऐवजी स्वतःचा चेहरा आणि मागचं आभाळ दिसतं. बेसॉल्टची फक्त घोटाई करून घ्या, आरसा नको.

अक्षरं कोरण्याचे दोन मार्ग: वाळूच्या माऱ्याने किंवा टाकीने, म्हणजे छिन्नीने. वाळूच्या माऱ्यात खोली किमान ३ मिमी मागा, आणि करारात लिहून घ्या, नाहीतर एक मिमीवर काम उरकलं जातं. टाकीकाम करणारा चांगला पाथरवट मिळाला तर उत्तम. इंग्रजी व्हीसारखा खोल काप घेतला की उन्हाच्या सावलीनेच अक्षर वाचता येतं, रंग भरावा लागत नाही. भरलेला पांढरा रंग काही पावसाळ्यांत पोपडे धरतो आणि अर्धं अक्षर पांढरं, अर्धं काळं असं भेसूर दिसतं. कोरीव कामाचा दर अक्षरामागे की चौरस फुटामागे, हे आधीच ठरवा. अक्षरामागे असेल तर जोडाक्षर एक धरायचं की दोन, तेही. पितळी अक्षरं चिकटवू नका, ती चोरीला जातात.

दगडाचं तोंड पूर्वेला ठेवा. आपला पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून झोडपतो, पश्चिमेला तोंड केलेला दगड चार महिने ओला राहतो आणि शेवाळतो. उत्तरेला तोंड असेल तर बहुतेक वर्षभर ऊन मिळत नाही, अक्षरं सपाट दिसतात. पूर्वेला सकाळचं तिरपं ऊन मिळतं, आणि ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला लोक त्याच वेळी येतात.

हा दगड सुमारे २०५ किलोंचा होतो. चार माणसांनी खांद्यावर उचलून बसवायचं साहस करू नका. तिपाई आणि चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) भाड्याने आणा. कुंपणाच्या भिंतीला तो कधीही टेकवू नका. कुंपणाला आज ना उद्या तडा जातो, रस्तारुंदीत ते पाडलंही जातं. त्याच्यापासून दोन फूट पुढे स्वतंत्र भिंत बांधा. पायासाठी दोन फूट खणा. अजिंक्यताऱ्याच्या उताराकडच्या पेठांत मुरूम लवकर लागतो. खाली काळी माती लागली तर ती पूर्ण काढा, कारण ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा चौथरा कलतो. मातीच्या जागी मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून, ठोकून घट्ट करत. वर चार इंच १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, त्यावर काळ्या दगडाची चौदा इंची भिंत, १:५ च्या सिमेंट मसाल्यात. किमान सात दिवस पाणी मारा.

दगडाची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर आणि वरची पाच फुटांवर येऊ द्या. म्हणजे उभा माणूस, चाकाच्या खुर्चीतली व्यक्ती आणि शाळकरी मूल तिघांनाही वाचता येतं. भिंत आणि दगड यांत २० मिमी फट मोकळी सोडा. सिमेंटचा मसाला थेट मागे भरला तर ओलाव्याबरोबर क्षार पुढे येतात आणि काळ्या दगडाला पांढरा लोणा लागतो, तो वर्षानुवर्षं निघत राहतो. दगड खाली दोन आणि मागे दोन अशा १२ मिमीच्या स्टेनलेस स्टीलच्या खुंट्यांवर बसवा. मागची भोकं ४५ मिमीपेक्षा खोल नकोत, नाहीतर पुढचा पृष्ठभाग उडतो. खुंट्या इपॉक्सीत बसवून चोवीस तास टेकू काढू नका. साधी लोखंडी सळई मिस्त्री हमखास सुचवेल, ती घेऊ नका. गंजलेलं लोखंड फुगतं आणि आतून दगड फोडतं. भिंतीच्या माथ्यावरची फरशी दोन इंच पुढे काढा आणि तिच्या खालच्या अंगाला खाच मारा, म्हणजे पाणी अक्षरांवर न ओघळता पुढे ठिबकेल.

बाक दोन, प्रत्येकी चार फूट, बसायची उंची दीड फूट. ते एका रांगेत लावू नका, एकमेकांशी काटकोनात ठेवा. शेजारी बसलेली माणसं समोर बघत राहतात, काटकोनात बसलेली बोलतात. एका बाकाशेजारी तीन फूट रिकामी जागा चाकाच्या खुर्चीसाठी सोडा, आणि पायरीऐवजी एकास बाराचा उतार करा.

नळासाठी ग्रंथालयाच्याच जोडणीवरून अर्धा इंची पाइप घ्या. दाबून सोडला की आपोआप बंद होणारी तोटी लावा, चावीची तोटी रात्रभर वाहत राहते. उंची पावणेतीन फूट. मुलांसाठी दुसरी तोटी दोन फुटांवर असेल तर छान. स्मारकाच्या नळाचं खरं दुखणं पाण्याच्या निचऱ्याचं असतं. खाली उतार न दिल्याने डबकं साचतं, मग शेवाळ, मग डास, मग कुणीतरी नळच बंद करून टाकतं. नळाखाली जाळी आणि तिथून तीन फूट लांब, रुंद, खोल शोषखड्डा, विटांचे तुकडे भरलेला. तो स्मारकाच्या पायापासून कमीत कमी दहा फूट दूर हवा. तुमच्या कोपऱ्यात हे अंतर बसत नसेल तर पाणी पाइपने आवारातल्या झाडांकडे न्या. टाकी असेल तर ती तीन महिन्यांनी धुवा आणि नळाच्या तोंडाशी क्लोरीन तपासा. ०.२ मिलीग्रॅम प्रतिलिटर एवढं तरी शिल्लक हवं.

वेळापत्रकात एक मोठी अडचण आहे आणि ती तुमच्या तारखेतच आहे. २० ऑगस्ट म्हणजे साताऱ्यात भर पावसाळा. जुलैमध्ये पाया खणला तर खड्ड्यात पाणी, इपॉक्सी ओल्या दगडाला धरत नाही, आणि घाईत सगळे सांधे कच्चे राहतात. २० ऑगस्टच गाठायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत मजकूर, फेब्रुवारी-मार्चमध्ये दगड आणि कोरीव काम, एप्रिलमध्ये पाया, आणि १५ मेपर्यंत दगड बसलेला. पुढचे तीन महिने तो कापडाने झाका. प्लास्टिकने नको, आत घाम धरून डाग पडतात. हे जमणार नसेल तर सरळ १ नोव्हेंबर, त्यांचा जन्मदिवस धरा. पाऊस संपलेला असतो आणि दोन महिने अधिक मिळतात.

भूमिपूजन, नारळ, हळदकुंकू यांचा आग्रह होईल, तोही आपुलकीनेच. त्याला पर्याय आधीच तयार ठेवा, ऐनवेळी नुसता नकार दिलात तर मनं दुखावतात. संविधानाच्या उद्देशिकेचं सामूहिक वाचन करा, आणि नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांतलं वैज्ञानिक दृष्टिकोनाविषयीचं कलम ५१अ (ज) वाचा. नळाचं पहिलं पाणी पेठेतल्या सगळ्या समाजांच्या मुलांनी एकमेकांना द्यावं. यापेक्षा जास्त समारंभ लागत नाही.

पैशांची ढोबळ विभागणी: दगड, कोरीव काम, वाहतूक आणि बसवणी एक लाख, पाया, भिंत आणि बाक साठ हजार, नळ आणि निचरा पंचवीस, पाटी आणि एक दिवा पंधरा, अनावरण दहा. उरलेले चाळीस हजार ग्रंथालयाच्या नावे मुदत ठेवीत, फक्त देखभालीसाठी. दरपत्रकं आल्यावर वरचे आकडे हलतील, पण या चाळीस हजारांना हात लावू नका. पैसे कमी पडले तर दुसरा बाक पुढच्या वर्षी करा.

देखभालीची वही ग्रंथपालांच्या टेबलावर असावी. वर्षात तीन नोंदी. जुलैच्या अखेरीस दगड साध्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने धुवा, शेवाळ तेवढ्याने निघतं. ॲसिड, तारेचा ब्रश, वॉशिंग पावडर यांपैकी काही नको. ॲसिडने दगडातलं लोह सुटून तांबूस ओघळ येतात, ते जात नाहीत. चमक यावी म्हणून खोबरेल तेलही चोळू नका, त्यावर धूळ बसते. दुसरी नोंद १० ऑक्टोबरची, जागतिक मानसिक आरोग्य दिनाची: त्या दिवशी पाटीवरचा प्रत्येक नंबर प्रत्यक्ष लावून पाहायचा, जिल्हा रुग्णालयातल्या ओपीडीचे वार पुन्हा विचारायचे, आणि काही बदललं असेल तर त्याच आठवड्यात पत्रा बदलायचा. तिसरी डिसेंबरमध्ये: सांधे, खुंट्या, तोट्यांचे वायसर आणि शोषखड्डा पाहायचा. प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि ज्याने काम केलं त्याची सही.